कोकमाच्या गोळीची परीक्षा

रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. मालवण-कुडाळच्या खळ्यांत उन्हाळ्यात सोलं अशी तयार होतात. याच सालीतलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल जगभर वजन घटवण्याच्या गोळ्यांतून विकलं जातं. गोळ्यांसाठी ते बहुधा कोकमाच्या केरळी भावंडातून, कुडमपुळीतून काढतात. डबीवर नाव असतं ‘गार्सिनिया कंबोजिया’. चरबी तयार होण्यासाठी लागणारं एक विकर हे आम्ल अडवतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, आणि तेवढ्या भांडवलावर बाजार उभा राहिला. माणसांवरची चोख चाचणी १९९८ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. वजन जास्त असलेल्या १३५ जणांना १२ आठवडे सारखाच कमी उष्मांकांचा आहार. एका गटाला रोज दीड ग्रॅम आम्ल, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळतंय, हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. आम्लवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं, पोकळ गोळीवाल्यांचं ४.१ किलोंनी.

हा फरक योगायोगाचा धरला, तरी गोळीच्या पदरात काही पडत नाही. ‘पण मला गुण आला की!’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. या चाचणीत दुसरा गट नसता, तर ३.२ किलोंचं श्रेय बिनबोभाट गोळीला गेलं असतं. गोळी सुरू करणारा माणूस बहुधा त्याच दिवशी भात कमी करतो, चालायला लागतो. जिममधल्या ‘आधी-नंतर’च्या फोटोंत ही बाकीची मेहनत दिसतच नाही. आणि झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, हेही खरं नाही: सोलकढी निर्धास्त प्यावी, पण या अर्काच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

स्नायूंच्या पावडरीची गोष्ट वेगळी, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वजनं उचलणाऱ्याला प्रथिनांचा उपयोग होतो, क्रिएटिनचाही होतो. मात्र २०१८ मध्ये ४९ चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं, की शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमपलीकडे जादा प्रथिनांचा जादा फायदा होत नाही. ६० किलोंच्या मुलाला हे झाले ९६ ग्रॅम. बांगडे, अंडी, डाळ, कुळीथ खाणाऱ्याला त्यातला मोठा वाटा ताटातूनच मिळतो. उरलेल्यासाठी डबा घ्यायचाच, तर त्यात आहे काय? केरळच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये भारतात विकली जाणारी ३६ प्रथिन-उत्पादनं तपासली. सुमारे ७० टक्क्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची होती, १४ टक्क्यांत बुरशीची विषद्रव्यं सापडली. प्रथिनं चाचणीत उत्तीर्ण, डबा नापास! म्हणून दर बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल ग्राहकाला पाहता येईल, अशी सक्ती हवी. त्याने डबा महागेल म्हणणाऱ्यांनी आजच्या किमतीत काय मिळतं, ते आधी सांगावं.

आपल्याकडच्या कोकम उद्योजकांनाही हाच मापदंड लावला पाहिजे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्या आगळाला, म्हणजे रसाला, गिऱ्हाईक आहे. बाटलीवर ‘चरबी घटवते’ असं छापण्याचा मोह धंद्यात समजू शकतो. पण तो दावा सिद्ध झालेला नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. आगळ चवीवर खपतं. ते तसंच खपू द्यावं.