ऑपरेशन बाईचंच का?

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत चक्क रेल्वे स्थानकांवर पुरुषांच्या नसबंदीची केंद्रं थाटली होती. महापालिकेच्या कुटुंब नियोजनाची धुरा वाहणाऱ्या डॉ. दत्ता पै यांची ही कल्पना. १९७१मध्ये केरळात एर्नाकुलमच्या एकाच शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली. पैशांचं आणि भेटवस्तूंचं आमिष होतं, हे खरं. तरीही ‘आपले पुरुष याला तयारच होत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरा चाळावा.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. बहुतेक पुरुषांच्या, त्यांतल्या कितीतरी जबरदस्तीच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. १९७७मध्ये सरकार पडलं आणि राज्यकर्ते शहाणे झाले ते एवढेच, की पुरुषांच्या वाटेला जायचं नाही. उद्दिष्टं राहिली, टेबलावर बाई आली.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झाली आहे. नवऱ्याची झाली अशा स्त्रिया अवघ्या ०.३ टक्के! वास्तविक पुरुषाची बिनटाका नसबंदी तेवढी जागा बधिर करून काही मिनिटांत होते, तो त्याच दिवशी घरी जातो. बाईच्या मात्र पोटाला छेद द्यावा लागतो.

नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. दिवसाला तीसची मर्यादा कागदावर होतीच. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या शिबिरांमधल्या तेरा जणी दगावल्या. अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये बजावलं.

दोन मुलांवर थांबायचं ठरवून कित्येकजणी स्वखुशीने हे ऑपरेशन करून घेतात. त्यांना बोल लावायचं कारण नाही. पण तिला तांबी, इंजेक्शन, गोळ्या हे पर्याय कुणी नीट समजावले का? नवऱ्याला कुणी विचारलं का? आशाताई घरी येतात तेव्हा तो कामावर असतो. ‘ताकद जाते’ ही त्याची भीती निराधार आहे, आणि ऑपरेशननंतर तीन महिने काळजी घेऊन वीर्यतपासणी करायची असते, हे त्याला सांगणार कोण? त्यासाठी संध्याकाळी त्याला गाठणारे पुरुष आरोग्यसेवक हवेत. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बिनटाका नसबंदी करणारा डॉक्टर आठवड्यातल्या ठरलेल्या वारी तरी भेटायला हवा.