आजोबा कंसात जाईपर्यंत धंदा थांबवू नका!



मशीन कुठलं घ्यायचं, गिऱ्हाईक कसं आणायचं, यावर आपण चॅनेलवर नेहमी बोलतो. आज बोलूया अशा प्रश्नावर, ज्याचं उत्तर अख्ख्या गावाला माहीत असतं, फक्त कागदाला नसतं: "ही जागा तुमचीच कशावरून?"

समजा, गावातल्या वडिलोपार्जित घराच्या पडवीत तुम्हाला लाकडी तेलघाणा टाकायचाय. घर आजोबांनी बांधलं, तुम्ही तिथेच रांगलात. जागा तारण ठेवायला बँकेत गेलात, की पहिला प्रश्न येतो, "सातबारा आणलाय?" तलाठी म्हणतात, "घर गावठाणात आहे, त्याला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीत जा." ग्रामपंचायत नमुना ८ चा उतारा देते. तुम्ही खुशीत बँकेत! तिथे वकील साहेब चष्मा वर करून म्हणतात, "हा तर घरपट्टीचा उतारा. याने मालकी ठरत नाही."

म्हणजे घरपट्टी घेताना मालक आपण, आणि कर्ज मागताना आपण कोण?

बरं, मागच्या शेताला सातबारा आहे. पण त्यावर आजोबा अजून जिवंत आहेत! सातबाऱ्यावर 'रामभाऊ', मृत्यू दाखल्यावर 'रामचंद्र', जुन्या रेशनकार्डावर नुसतं 'रामा'. हे तिघे एकच, असं प्रतिज्ञापत्र करा. मग वारसनोंदीचा अर्ज, नोटीस, हरकतींसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. तेव्हा कुठे आजोबांच्या नावाला कंस पडतो आणि खाली तुमची, काकांची, आत्याची नावं चढतात. तलाठ्यांचं नाव मध्यंतरी 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. त्यासाठी कुणाच्या आजोबांचा दाखला लागला नाही, एवढं खरं.

हसू येतं, पण तोवर मशीनच्या कोटेशनची मुदत संपते, दिवाळीच्या ऑर्डरी दुसऱ्याकडे जातात.

माझं मत स्पष्ट आहे. तपासणी हवीच. उद्या चुलतभावाने तुमचं नाव वगळून नोंद टाकली, तर तीच १५ दिवसांची नोटीस तुम्हाला वाचवते. कायदाही सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतो, पण नुसत्या फेरफाराने मालकी मिळत नाही, हे कोर्टांनी वारंवार सांगितलंय. म्हणून बँकेचा वकील खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार अशी साखळी मागतो, ते बरोबरच आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. एका सरकारी खिडकीतली नोंद दुसऱ्या खिडकीत आपणच का वाहून न्यायची? हा आपल्या वेळेवर लावलेला कर आहे, आणि याचं इनपुट क्रेडिटसुद्धा मिळत नाही!

पण नुसतं चिडून घाणा फिरत नाही. तर हे करा:

धंदा आणि मालकी वेगळे करा. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिला मालकीचा कागद लागत नाही. जीएसटीसाठी जागा वडिलांच्या नावावर असेल, तर त्यांचं संमतीपत्र आणि वीजबिल किंवा घरपट्टीची पावती बहुतेक वेळा चालते. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. छोटी सुरुवात इथून होऊ शकते.

वारसनोंद आजच सुरू करा. नियमाप्रमाणे ती ३ महिन्यांत कळवायची असते, आपण ३० वर्षं थांबतो. 'ई-हक्क' प्रणालीवर घरबसल्या अर्ज करता येतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो.

घर गावठाणात असेल, तर स्वामित्व योजनेतून ड्रोन मोजणी झाली का ते विचारा. झाली असेल, तर मिळकत पत्रिका मागा.

अर्जाची पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. "देऊन ठेवा, बघतो" ही पोच नाही! महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर अपील करता येतं. तारखेचा कागदच नसेल, तर अपील कशावर करणार?

आणि एक कळकळीची विनंती. घाईत "कर्जापुरती सही आहे गं" म्हणून आत्याकडून हक्कसोडपत्र करून घेऊ नका. संमती देणं वेगळं, हक्क सोडणं वेगळं. तिला नीट वाचून दाखवा, वाटलं तर तिच्या वकिलाला दाखवा. फसवून मिळवलेल्या जागेवर बोर्ड लागतो, पण घरातली माणसं उद्घाटनाला येत नाहीत.

या रविवारी कपाटातली जुनी पत्र्याची पेटी उघडा. कुठला कागद आहे, कुठला नाही, याची यादी करा. मशीनचं कोटेशन सोमवारी मागवा.