मोर्चाने किती कमावले?

टोरांटोच्या प्राइड महोत्सवाला महापालिकेने अनुदान का द्यावे? त्याचे पाठीराखे हिरिरीने सांगतात : हॉटेले भरतात, दुकाने चालतात, पर्यटक येतात, शहराला पैसा मिळतो. आपल्यातल्याही अनेक जणी हे उत्तर कौतुकाने सांगतात. मला ते घातक वाटते.

हा महोत्सव पर्यटकांसाठी सुरू झालेला नाही. ५ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री टोरांटोच्या पोलिसांनी समलिंगी पुरुषांच्या स्नानगृहांवर छापे घालून सुमारे तीनशे जणांना पकडले. दुसऱ्या रात्री लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले आणि त्याच जूनमध्ये पहिला प्राइड झाला. बायकाही सुटल्या नाहीत. सप्टेंबर २००० मध्ये केवळ स्त्रियांसाठी भरवलेल्या अशाच एका रात्री पाच पुरुष पोलीस आत शिरले आणि अर्ध्या कपड्यांतल्या बायकांमधून फिरले. २००२ मध्ये न्यायाधीशांनी हा घटनात्मक हक्कांचा भंग ठरवला. ज्या सत्तेने रस्ता नाकारला, तिच्याकडे रस्ता आणि सार्वजनिक पैसा मागणे हा हक्क आहे. ती मेहरबानी नव्हे, गुंतवणूक तर नव्हेच.

नफ्याची भाषा बोलून संरक्षण तरी मिळते का? २००९ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने पर्यटन-उत्सवांच्या योजनेतून या महोत्सवाला सुमारे ४ लाख डॉलर दिले. सत्ताधारी पक्षातच ओरड झाली आणि २०१० मध्ये पैसे नाकारले गेले. त्याच वर्षी इस्रायलच्या धोरणाला विरोध करणारा एक गट मिरवणुकीत चालणार म्हणून महापालिकेचे अनुदानही टांगणीला लागले. संयोजकांनी त्या गटाच्या घोषणेवर आधी बंदी घातली, मग टीका झाल्यावर उठवली. २०१६ मध्ये 'ब्लॅक लाइव्ज मॅटर'च्या कार्यकर्त्यांनी मिरवणूक रोखली. पोलिसांचे चित्ररथ नकोत, कृष्णवर्णीयांच्या कार्यक्रमांना पुरेसा पैसा द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. २०१७ मध्ये सदस्यांनी त्या मान्य केल्या, तेव्हा काही नगरसेवक २ लाख ६० हजार डॉलरचे अनुदान तोडायला निघाले. २७ विरुद्ध १७ मतांनी ते वाचले. यातल्या एकाही वेळी वाद हॉटेलांच्या खोल्यांवर नव्हता. कोण काय बोलणार, यावर होता.

कंपन्यांचेही तेच. २०२५ मध्ये गूगल, निसान, होम डेपो अशा बड्या प्रायोजकांनी अंग काढून घेतले आणि संयोजकांनी सुमारे ९ लाख डॉलरची तूट जाहीर केली. वारा फिरला की बाजार फिरतो.

शिवाय 'शहराला' मिळालेला पैसा जातो कुठे? तिथला १३ टक्के विक्रीकर केंद्र आणि प्रांत वाटून घेतात. हॉटेलमालकाचा गल्ला भरतो. चादरी बदलणारीची मजुरी त्याने वाढते का, हे त्या हिशेबात कोणी विचारत नाही. आणि लेस्बियन स्त्रियांचा मोर्चा, जो तिथे १९९६ पासून निघतो, त्याने किती खोल्या भरल्या असे विचारले तर? नफ्याच्या तराजूत पहिली कात्री त्यालाच लागेल.

व्यवहारी मैत्रीण म्हणेल, शाळा-दवाखान्यांना पैसा अपुरा असताना मिरवणुकीला का? प्रश्न रास्त आहे. पण दवाखान्याला कोणी 'कमावलेस किती?' विचारत नाही. लोकांना त्याची गरज आहे एवढे पुरते. जे शहरात राहतात, कर भरतात, त्यांना निर्भयपणे रस्त्यावर दिसण्याचीही गरज आहे. तेव्हा मागणी अशी हवी : अनुदान नियमित असावे, घोषणांची अट नसावी, हिशेब उघडा असावा, आणि ज्यांना प्रायोजक मिळत नाहीत अशा गटांचा वाटा आधी काढून ठेवावा.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. अनुदानाचे अर्ज लिहिताना आपणही मांडू लागलो आहोत की नवऱ्याच्या मारामुळे बायकांचे इतके कामाचे दिवस बुडतात, देशाचे इतके उत्पन्न घटते. उद्या कोणी सिद्ध केले की मारहाणीने देशाचे एका रुपयाचेही नुकसान होत नाही, तर? आपण मार चालू द्यायचा का? पुढचा अर्ज लिहायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीत 'फायदा' लिहू नका. 'हक्क' लिहा.