तुकोबांच्या गाथेपासून विम्बल्डनपर्यंत

लीला राव हे नाव आज टेनिसवेड्या घरातही चटकन कुणाच्या ओठावर येत नाही. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री. साल होते १९३४. पहिल्या फेरीत तिने इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला हरवले. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफपुढे मात्र तिला हार पत्करावी लागली. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, पण पहिल्याच फेरीत गारद झाली. विम्बल्डनचा हिशेब एवढाच. देशातल्या स्पर्धांत मात्र तिचा दबदबा होता. अखिल भारतीय अजिंक्यपदही तिने मिळवले. सानिया मिर्झाने विम्बल्डनला एकेरीची पहिली फेरी जिंकली ती त्यानंतर ७१ वर्षांनी, २००५ मध्ये.

पण खरी गंमत आहे ती लीलाच्या घराची. तिचे आजोबा शंकर पांडुरंग पंडित. १८६९ साली निघालेली तुकोबांच्या गाथेची ‘इंदुप्रकाश’ प्रत ज्या दोघा पंडितांनी सिद्ध केली, त्यांतले हे एक. अथर्ववेदाची त्यांनी संपादलेली आवृत्तीही नावाजलेली. १८९४ मध्ये ते वारले, तेव्हा मुलगी क्षमा जेमतेम चार वर्षांची होती. डोक्यावरचे छत्र गेले, पण विद्येची ओढ रक्तातच होती. पुढे मुंबईच्या डॉ. राघवेंद्र रावांशी लग्न झाल्यावर क्षमाबाई संस्कृतात लिहू लागल्या आणि टेनिसच्या कोर्टवरही उतरल्या. नुसत्या हौसेखातर नव्हे. त्यांनी स्पर्धा जिंकल्या!

मुलीच्या जातीने मैदानात धावावे की नाही, यावर त्या काळी घरोघर खल चाले. इथे आईच रॅकेट घेऊन पुढे, मग लेकीला अडवणार कोण? डॉक्टरांचे घर सुखवस्तू होते, परदेशवारी परवडत होती, हे खरेच. पण तसा पैसा असलेल्या इतर किती घरांत मुलीच्या हाती रॅकेट आली?

गांधीजींच्या लढ्यावर क्षमाबाईंनी ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य लिहिले. इंग्रजांच्या राज्यात ते छापणार कोण? १९३२ मध्ये ते पॅरिसला छापले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी लेक लंडनच्या हिरवळीवर इंग्रज खेळाडूला हरवत होती. आजोबांनी गाथा संपादली, त्या तुकोबांचे चरित्रही क्षमाबाईंनी पुढे संस्कृतात लिहिले. ज्ञानेश्वर आणि रामदासही त्यांच्या लेखणीतून सुटले नाहीत.

लीलाचे लग्न झाले मुत्सद्दी हरीश्वर दयाळ यांच्याशी. ते नेपाळात भारताचे राजदूत होते. राजदूताची पत्नी म्हणजे मेजवान्या आणि पाहुणचार, अशी आपली समजूत. लीलाबाईंनी मात्र हाती लेखणी धरली. भरतनाट्यम्‌वर त्यांनी पुस्तक लिहिले, ‘नृत्तमंजरी’. १९५४ मध्ये क्षमाबाई गेल्या. आईने लिहिलेल्या कथांची लीलाबाईंनी नाटके केली, आणि तीही संस्कृतातच.