कोठीतला गहू आणि डब्यातलं पीठ



परवा स्थानकात प्रतिक्रमण झाल्यावर आम्ही चार-पाच जणी पायऱ्यांवर बोलत बसलो होतो. विषय निघाला लेकींच्या नोकऱ्यांचा. एक जण म्हणाली, "नोकरी सोडलीच आहे तर पीएफ काढून घे म्हणावं, लग्नात कामी येईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आज लिहितेय.

आपल्या घरांत दुकान हेच पेन्शन. कापड बाजारातल्या गादीवर बसणाऱ्याला साठाव्या वर्षी कोण घरी बसवणार? म्हणून पीएफचं महत्त्व आपल्याला चटकन कळत नाही. पण आता आपल्या मुली सुप्याच्या एमआयडीसीत आणि पुण्याच्या कंपन्यांत जातात. त्यांच्यामागे दुकान नाही.

माझी भाची चोवीस वर्षांची. अंगात काटकसर. कुणीतरी सांगितलं म्हणून पीएफमध्ये जादा रक्कम आणि वर पीपीएफमध्ये दरमहा ५,००० भरायची. बचत खात्यात जेमतेम बस-भाड्यापुरते. गेल्या थंडीत तिचे वडील जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. रात्री नऊ वाजता ॲडव्हान्स भरायची वेळ आली. पीएफमधून आजारपणासाठी पैसे मिळतात, पण अर्ज करून वाट पाहावी लागते. पीपीएफमधून रक्कम काढायची सोय सातव्या आर्थिक वर्षापासून. शेवटी ताईच्या पाटल्या गहाण पडल्या. "मावशी, एवढे पैसे साठवले, पण एकही हाताला लागला नाही," म्हणून ती रडली.

तेव्हा मला आपली कोठी आठवली. वर्षाचा गहू आपण उन्हं देऊन कोठीत भरतो, पण पीठ थोडंच दळून आणतो, कारण पिठाची काळमर्यादा आपण पाळतो. सगळाच गहू दळला तर वाया जाईल आणि डब्यात पीठच नसेल तर अवेळी पाहुणा उपाशी जाईल. पैशाचंही तसंच आहे.

माझं मत असं, की आधी डबा भरावा. घरखर्चातला तिचा वाटा महिन्याला १५,००० असेल, तर सहा महिन्यांचे ९०,००० आधी हाताशी हवेत. त्यातले थोडे बचत खात्यात आणि बाकीच्याच्या छोट्या-छोट्या एफडी, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागेल. आणि ठेवायचे कुठे तेही पाहावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, हे आपल्या गावानं पाहिलंय. बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाहीच.

मग कोठी. मूळ पगार १५,००० असेल तर दरमहा १,८०० तिचे कापले जातात, तेवढेच कंपनी घालते. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे जातात, उरलेले ५५० पीएफमध्ये. २०२४-२५ साठी पीएफला ८.२५ टक्के व्याज होतं. व्याज याच घरात राहिलं तर पैसा साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतो. सत्ताविसाव्या वर्षी खात्यात असलेला १ लाख चोपन्नाव्या वर्षी ८ लाख. लग्नात काढला तर तो मांडवाच्या झालरीत संपतो. शिवाय सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत काढला तर करही लागू शकतो. नोकरी बदलली तरी यूएएन तोच राहतो, जुना पीएफ नव्या खात्यात वळवता येतो आणि मागची वर्षंही मोजली जातात.

"कर वाचतो म्हणून पीपीएफ" हेही तपासून घ्यावं. नव्या करपद्धतीत ८०सीची सूटच नाही. मग ज्या कारणासाठी पैसे अडकवायचे ते कारण तरी उरलंय का?

आपल्या श्रावकाचारात मिळकतीचे चार भाग सांगितलेत: एक शिलकीचा, एक व्यापारात घालायचा, एक धर्माचा आणि स्वतःच्या उपभोगाचा, एक आपल्यावर अवलंबून असलेल्यांचा. शिल्लक आणि गुंतवणूक वेगळी ठेवायला आपले पूर्वज विसरले नव्हते.

माझ्याकडून मात्र चूक झाली. लग्नाआधी मी चार वर्षं शाळेत शिकवत होते. तो पीएफ काढून वॉशिंग मशीन घेतलं. मशीन कधीच भंगारात गेलं. आज माझ्या नावावर स्वतःचं असं काहीच नाही.

भाचीनं पीपीएफ महिना हजारावर आणलाय. डब्यात ४०,००० जमलेत, पाटल्याही सुटल्या. हाताशी पैसा असला की म्हातारपणच्या पैशाला हात लावावा लागत नाही, एवढंच मला त्या दिवशी पायऱ्यांवर बोलायचं होतं. पुढच्या वेळी गप्प बसणार नाही. तुमच्या लेकीला आज एवढंच विचारा: डब्यात किती आहे आणि कोठीत किती?