जपणूक कीं पहारा ?

२५ मार्च २०२० रोजीं चैत्र शुद्ध प्रतिपदा होती. त्याच दिवशीं सर्व देशांत एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली आणि पुण्यांतील कित्येक घरांनीं मिळेल त्या साहित्यावर गुढी उभारली. एकवीस दिवसांचे पुढें महिने झाले, हें सर्वांस ठाऊकच आहे. त्या काळाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. रुग्णालयांविषयीं, पायीं गांवीं निघालेल्या मजुरांविषयीं, बुडालेल्या धंद्यांविषयीं. ज्यांचें वेतन थांबलें नाहीं अशा सुस्थित कुटुंबांस तक्रार करण्याचा फारसा अधिकार नाहीं, असें आम्हीहि मानतों. तथापि अशाच घरांतून, वृद्ध आईबाप आणि मिळवतीं मुलें यांच्यामध्यें, एक गोष्ट घडून गेली. ती म्हणजे घरांतील सत्तेचें हस्तांतर.

६५ वर्षांवरील माणसांनीं अत्यावश्यक कारणावांचून घराबाहेर पडूं नये असा सरकारी दंडक होता, आणि तो निष्कारण नव्हता. हा रोग वृद्धांस अधिक घातक ठरत होता; शिवाय वृद्धांस ताप पुष्कळदां उशिरां येतो किंवा येतच नाहीं, त्यामुळें दुखणें वेळीं लक्षांत येत नसे. हें सारें मुलांनीं व सुनांनीं शिकून घेतलें, आणि तें योग्यच झालें. परंतु त्या शिकण्याबरोबर त्यांच्या मुखीं एक नवी भाषाहि आली. "आबा, दाराशीं जाऊं नका." "आई, त्या पिशवीला हात लावूं नका." काल ज्यांच्या संमतीवांचून घरांत पान हलत नसे, त्यांस आज नातवाप्रमाणें दटावलें जाऊं लागलें.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील आजोबा निवृत्त शिक्षक. वय त्या वेळीं ७९. सकाळीं दूध आणणें, वाटेंत देवदर्शन, मंडईंतून भाजी, महिन्यांतून एकदां बँकेंत जाऊन पेन्शनची नोंद पुस्तकांत करून घेणें, हा त्यांचा वीस वर्षांचा क्रम. मार्चअखेर त्यांतलें एकहि काम त्यांच्याकडे उरलें नाहीं. वृत्तपत्रहि कित्येक दिवस येईना. पाहणारास हीं कामें क्षुल्लक वाटतील. पण निवृत्त माणसाची घरांतील प्रतिष्ठा अशाच क्षुल्लक कामांवर उभी असते. एप्रिलमध्यें एके पहाटे हे गृहस्थ कोणासहि न सांगतां पिशवी घेऊन बाहेर पडले. परत आल्यावर मुलानें आवाज चढविला, दारास आंतून कुलूप लागलें, किल्ली सुनेकडे गेली. आणि आजोबांनीं दोन दिवस कोणाशीं भाषण केलें नाहीं. मुलाचा संताप भीतीपोटीं होता, हें त्यांस कळत नव्हतें असें नव्हे. परंतु स्वतः बांधलेल्या घराचें कुलूप स्वतःवरच लागलेलें ज्यानें पाहिलें नाहीं, त्यानें त्यांस हट्टी म्हणूं नये.

आजींचें निराळें. मोलकरीण येईना, तेव्हां स्वयंपाकघरांत त्यांचा शब्द पुन्हा चालूं लागला. (मुलानें भांडीं घांसलीं त्याचें कौतुक आठ दिवस चाललें, सुनेनें कार्यालयाचें काम घरूनच सांभाळून तींच भांडीं घांसलीं त्याचें कोणी केलें नाहीं.) बाहेरून आल्यावर हातपाय धुणें, कपडे बदलणें, परक्यास उंबऱ्याआंत न घेणें हें डॉक्टरच सांगूं लागल्यामुळें, "आमचें सोंवळें काय वाईट होतें ?" असें आजी म्हणूं लागल्या. पुष्कळ घरांत हें वाक्य त्या दिवसांत उच्चारलें गेलें असेल. आम्हांस तें पटत नाहीं. विषाणूस जात ठाऊक नसते. सोंवळ्यास ती ठाऊक होती. साबणाचें शास्त्र घ्यावें, पण त्याच्या आडून जुन्या अस्पर्शाचें समर्थन करूं नये.

वाट काढली ती नातीनें. २०२० सालीं राज्यांत लागू झालेला साथरोगांचा कायदा मूळ १८९७ चा, म्हणजे पुण्याच्या प्लेगाच्या काळचा, हें तिनें आजोबांस सांगितलें. त्यावर दोन दिवसांचें मौन सुटलें. प्लेगांत घर सोडून गांवाबाहेर झोंपड्यांत राहिल्याच्या कथा त्यांनीं स्वतःच्या आजोबांकडून ऐकल्या होत्या. त्या ते सांगूं लागले आणि मुलगाहि येऊन बसला. पुढें घरांत ऑक्सिमीटर आला, तेव्हां त्याची वही तिनें आजोबांच्या स्वाधीन केली. रोज सकाळ-संध्याकाळ घरांतील प्रत्येकाचा आंकडा शिक्षकी अक्षरांत वहींत उतरूं लागला. ९४ च्या खालीं कोणाचा गेल्यास डॉक्टरांस दूरध्वनि करावयाचा तो त्यांनींच. मुलानें बोट पुढें करण्यास टाळाटाळ केली कीं त्यास दटावण्याची पाळीहि आतां त्यांची. बसून राहिल्यानें म्हातारपणीं पायांतील बळ फार लवकर जातें, म्हणून संध्याकाळीं गच्चीवर अर्धा तास फेऱ्या ठरल्या. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर परत आली. तिचा उपयोग आजोबांनीं केला नाहीं.

१ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांस लस मिळूं लागली. केंद्रावर आपण एकटेच जाणार, असें सांगून आजोबा सकाळीं साडेआठालाच तयार झाले. मुलगा वीस पावलें मागून चालत गेला.