शुश्रूषा करणाऱ्याला रजा कोण देणार?

घरातील एखादे वडीलधारे माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, अथवा स्मृतिभ्रंशामुळे पोटच्या मुलालाही ओळखेनासे झाले, म्हणजे त्या घरात आणखी एका माणसाचे आयुष्य थांबते. पहिल्याची नोंद रुग्णालयाच्या कागदावर होते. दुसऱ्याची कोठेच होत नाही. हे दुसरे माणूस बहुधा पत्नी असते, सून असते, क्वचित अविवाहित राहिलेली मुलगी असते. तिला रविवार नसतो, दिवाळीची सुटी नसते. रात्रपाळी मात्र रोजची असते. नातेवाईक येतात, आजाऱ्याच्या उशाशी मोसंबी ठेवतात, तिच्या सेवाभावाची तोंड भरून वाखाणणी करतात आणि शेवटची गाडी गाठण्यासाठी निघून जातात.

तिला हवे असते ते कौतुक नव्हे. हवी असते चार दिवसांची सुटका. आजाऱ्याची जबाबदारी काही तास अथवा काही दिवस प्रशिक्षित माणसाने किंवा संस्थेने उचलावी, त्याचा खर्च सर्वस्वी वा अंशतः सार्वजनिक निधीतून व्हावा आणि त्या अवधीत घरच्या माणसाने झोपावे, स्वतःचा दुखरा दात दाखवून यावे, भाचीच्या लग्नाला जाऊन यावे, एवढीच ही मागणी आहे. अनेक देशांनी ती कायद्याने मान्य केली आहे. मराठीत तिला ‘विसावा-सेवा’ म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार कुटुंबधर्माच्या भाषेत होतो, हिशेबाच्या भाषेत होत नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक विसंगती दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामणीशी लग्न केले, तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. शंभर वर्षांनंतरही हिशेबातली ही फट बुजलेली नाही. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या संगोपन-शुश्रूषेत सहभागी होत्या. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के होते. सहभागी स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ १४० मिनिटे, पुरुषाचा ७४ मिनिटे. यात मुलांचे संगोपनही आले, हे खरे. परंतु सरासरीच्या आकड्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णामागे दाराला कडी घालून जागून काढलेली रात्र दिसत नाही. या कामाला किंमत नाही म्हणून ते फुकट आहे, असा समज मात्र रूढ झाला आहे. ज्या शिक्षिकेने सासऱ्यांसाठी नोकरी सोडली, तिचा पगार बुडाला, भविष्यनिर्वाह निधी थांबला आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची तजवीजही अपुरी राहिली. राज्याने जो खर्च केला नाही तो तिने केला, एवढाच त्याचा अर्थ.

कायदे नाहीत असे मात्र नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देतो. वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा तो सांगतो. सोडून जाणाऱ्याची त्याने एवढी दखल घेतली. जो सोडून गेला नाही, त्याच्यासाठी त्यात एक ओळही नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा याहून उदार आहे. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तीसाठी काळजीवाहकाचा भत्ता, असा स्पष्ट उल्लेख त्याच्या चोविसाव्या कलमात आहे. तथापि त्याच कलमाच्या आरंभी शासनाच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाटही ठेवलेली आहे. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा शासनाचे कर्तव्य ठरवल्या आहेत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने तर ‘समर्थ’ या नावाने अल्पकाळ निवासाची योजनाही आखली. ती स्वयंसेवी संस्थांमार्फत चालते. म्हणजे ज्या जिल्ह्यात तशी संस्था नाही, तेथे योजनाही नाही.

आता एखाद्या तालुक्याच्या गावचा लिपिक ही सोय शोधू लागला, तर त्याच्या पदरी काय पडते? तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज मिळतो. १९८० पासूनची ही योजना रुग्णाला मिळणाऱ्या मदतीची आहे, ती सेवा करणाऱ्यासाठी नाही, आणि उत्पन्नाच्या अटीत कायम नोकरीतला लिपिक बसतही नाही. जिल्हा रुग्णालय सांगते की रुग्णाला उपचारांची गरज नाही, तेव्हा खाट देता येत नाही. वृद्धाश्रमांचा नियम बहुतेक ठिकाणी असा, की येणारा स्वतःचे स्वतः करणारा असावा. अंथरुणावरच्या माणसाला प्रवेश नाही, आणि पंधरा दिवसांपुरता तर नाहीच. राहता राहिला शहरातला नर्सिंग ब्यूरो. तेथून येणाऱ्या मावशींच्या किंवा मामांच्या एका पाळीचे महिन्याचे पैसे दिले, की लिपिकाच्या पगारात उरते ते किराणा सामानापुरते. बरे, त्या मावशींना प्रशिक्षण कोणी दिले, त्यांना आजारपणाची रजा आहे काय, हे विचारण्याची सोय नाही.

रजेच्या नियमांकडेही जरा पाहावे, कारण शिक्षक आणि कारकून यांचा त्यांच्याशी रोजचा संबंध आहे. वृद्ध आई-वडिलांच्या सेवेसाठी काय तरतूद आहे, या प्रश्नाला २०२५ साली राज्यसभेत केंद्र शासनाने उत्तर दिले, की कर्मचाऱ्याला त्याच्या तीस दिवसांच्या अर्जित रजेचा त्यासाठी उपयोग करता येतो. म्हणजे हक्काचीच रजा दुसऱ्या नावाने परत मिळाली! महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती स्वागतार्हच आहे. पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. परंतु ती मुलांना सांभाळण्यासाठी. त्या पत्नीच्या शुश्रूषेसाठी म्हणून तिचा उपयोग नाही. नियम करणाऱ्यांना ती खाट दिसली होती. खाटेवरील माणसाला कोणी तरी पाणी पाजावे लागते, हे तेवढे सुचले नाही.

इतर देशांतही हे आपोआप झाले नाही. ब्रिटनमध्ये आई-वडिलांसाठी काम सोडलेल्या मेरी वेबस्टर या धर्मोपदेशिकेने १९६५ साली अविवाहित मुलींची संघटना उभारली. १९७६ साली शुश्रूषा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना त्यातून वगळण्यात आले. युक्तिवाद असा, की त्या तशाही घरीच असतात! हा युक्तिवाद आपल्या कानांना अनोळखी वाटणार नाही. युरोपीय न्यायालयात प्रकरण गेल्यावर १९८६ साली तो भेद दूर झाला. जर्मनीने १९९५ पासून शुश्रूषा-विम्याची सक्तीची योजना चालवली आहे. घरचा सेवक आजारी पडला वा सुटीवर गेला, तर पर्यायी माणसाचा किंवा अल्पकाळ निवासाचा खर्च तीतून मिळतो. जुलै २०२५ पासून या दोन्ही सोयींसाठी मिळून वर्षाला ३,५३९ युरोंची एकत्रित मर्यादा आहे. शिवाय घरी शुश्रूषा करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीही विमा-निधी भरतो. जपानने २००० साली अशीच योजना आणली, परंतु घरच्यांना रोख भत्ता देण्याचे टाळले. रोख रक्कम मिळू लागली, तर सुनेला घरीच बांधून ठेवण्यास आणखी एक कारण सापडेल, ही भीती तेथील स्त्री-संघटनांनी बोलून दाखवली होती. त्याऐवजी दिवसभराची केंद्रे व काही दिवसांचा निवास यांवर तेथे भर राहिला.

जर्मनीची श्रीमंती आपल्याकडे नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून केरळकडे पाहावे. तेथील शासनाने २००८ साली वेदनाशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले, आणि आज तेथे ग्रामपंचायतीची परिचारिका स्वयंसेवकांसह अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जाते. ‘आश्वासकिरणम्’ या योजनेतून पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्याला सहाशे रुपयांपर्यंत मासिक मदत ठरली. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती थकल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत. दोहोंपैकी टिकाऊ ठरली ती दारात येणारी परिचारिका. महाराष्ट्राने यातून घ्यायचे ते हे, की मर्यादित पैसा रोख वाटण्यापेक्षा विसाव्याचे तास विकत घेण्यावर खर्च व्हावा. सहाशे रुपयांत सून एक रात्रही झोपू शकत नाही. महिन्यातून चार दिवस कोणी येऊन बसले, तर झोपू शकते.

पगारी माणूस आणला तर संस्कार लोप पावतील, अशी चिंता काही मंडळी व्यक्त करतात. ती व्यक्त करणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतः कोणाचे अंथरूण बदलले आहे, हा प्रश्न येथे सोडून देऊ. दमून चिडचिडी झालेली सून वृद्धाशी कठोर बोलते, आणि त्या बोलण्याची टोचणी मग वर्षानुवर्षे दोघांनाही लागून राहते. विश्रांती मिळालेल्या माणसाकडूनच प्रेमाची सेवा अपेक्षिता येते. अधिक खरा धोका दुसरा आहे. हे काम उद्या ‘आशा’ कार्यकर्तींच्या गळ्यात बांधले जाईल. मानधनासाठी वारंवार संप करावा लागलेल्या या स्त्रियांवर आणखी एक बिनपगारी कर्तव्य लादणे म्हणजे एका घरची फुकट सेवा दुसऱ्या घरच्या स्त्रीकडे सरकवणे होय.

आरंभ लहान करता येईल. प्रत्येक जिल्ह्यात उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात अथवा एखाद्या विश्वासू संस्थेत विसाव्याच्या दहा खाटा ठेवाव्यात. एका कुटुंबाला वर्षातून चौदा दिवस, असे धरले तर एक खाट वर्षभरात सव्वीस कुटुंबांच्या उपयोगी पडते. छत्तीस जिल्ह्यांच्या ३६० खाटा ९,३६० कुटुंबांच्या. २०११ च्या जनगणनेत साठी उलटलेल्यांची संख्या या राज्यात एक कोटीहून अधिक होती, तेव्हा हा आकडा समुद्रात थेंबासारखा आहे, यात शंका नाही. म्हणूनच खाटांच्या जोडीला घरी येणाऱ्या, रीतसर शिकवलेल्या आणि रीतसर पगार मिळणाऱ्या मदतनिसांची पथके लागतील. रात्र जागवणारे रुग्ण ज्या घरात आहेत त्यांना पहिला मान द्यावा, आणि उत्पन्नाची अट दारिद्र्यरेषेशी न अडवता चढत्या दराने शुल्क घ्यावे. कारकुनाने काही द्यावे, शेतमजुराने काहीच देऊ नये.

पैशाचा एक मार्ग तर हाताशीच आहे. राज्यातील ग्रामपंचायती, नगरपालिका व महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. मार्चअखेर जवळ आली की पुष्कळ ठिकाणी ती साहित्य-वाटपात घाईघाईने संपते, किंवा पडून राहते. अंथरुणाला खिळलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या घरी महिन्यातून चार दिवस मदतनीस पाठवण्यासाठी या निधीतील ठराविक हिस्सा राखून ठेवावा, असा आदेश काढावयास विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामविकास आणि नगरविकास या दोन खात्यांच्या सचिवांनी एका टेबलाशी बसून तो पुढील अंदाजपत्रकापूर्वी काढावा.